आईंची काशीची डुबकी

माझा देवावर विश्वास होता, नाही असं नाही; पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा कन्फर्म झालेल्या तिकिटावर जास्त होता. जन्मभर शाळेत गणित शिकवलं की माणसाचं असंच होत असावं. त्यामुळे त्या वर्षी आई एकदम म्हणाल्या, "बाय, मना औंदा काशीला ने," तेव्हा भक्ती दाटून यायच्या ऐवजी माझ्या डोक्यात हिशेबच सुरू झाला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं, हृदय अशक्त, गुडघे कुरकुरणारे. त्यात मला सुट्टी मिळणार ती मे महिन्यात. मे महिन्यातली काशी म्हणजे काय असते ते जाऊन आलेल्या प्रत्येकानं कानांना हात लावून सांगितलेलं. मी म्हटलं, "आई, दिवाळीनंतर जाऊ, मी बिनपगारी रजा काढते." तर म्हणाल्या, "दिवालीपातूर मी हाय का नाय, तुला कुनी सांगितलंय?" मी लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

आईंच्या या हट्टामागं फार जुनी गोष्ट होती. आमच्या घरात उन्हाळा म्हणजे मीठ. सासरे खाडीकडच्या मिठागरात राबायचे, आईही त्यांच्याबरोबर. उन्हानं खाडीचं पाणी आटायचं आणि वाफ्यांत मीठ धरायचं ते याच दिवसांत. लोक लग्नाला जात, जत्रेला जात, हे दोघं मात्र घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे. सासरे दरवर्षी म्हणायचे, "औंदाचं मीठ निघू दे, मग जाव काशीला." मीठ निघायचं, तोवर पाऊस यायचा, मग भाताची लावणी, कापणी, की पुन्हा मिठाचे दिवस. पुढं मिठागर बुजलं, तिथं रस्ता आला. हात एकदाचे मोकळे झाले, आणि त्याच साली सासरे गेले. हे सगळं आईंनी मला खांदा कॉलनीतल्या आमच्या गॅलरीत बसून सांगितलंय, सुकट निवडता निवडता, एकदा नाही, शंभरदा. एक गोष्ट मात्र एकदाच सांगितली आणि तीही हळू आवाजात. "नवरा-बायकोनी हात धरून गंगंत बुडी मारायची आसती. तो तं नाय आता. त्याची पन मीच मारीन. एक त्याची, एक माजी." हे त्यांनी पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून ते ओझं माझं झालं. या बाईला दोन डुबक्या मिळाल्या पाहिजेत, आणि ती जिवंत घरी आली पाहिजे.

मग मी कंबर कसली. कल्याणहून एसीचं तिकीट, दोन्ही खालचे बर्थ. घाटाला अगदी लागून असलेलं हॉटेल, लिफ्ट असलेलं, वीज गेली तर जनरेटर असलेलं. फोटोत खिडकीखाली गंगा अशी दिसत होती की हात घालून तांब्या भरून घ्यावा. चाकांची खुर्ची, दोन छत्र्या, आमसुलाचं सरबत, साखर-मिठाच्या पुड्या, पंचे, आणि ऊन लागू नये म्हणून पर्सच्या तळाशी एक कांदा. पहाटे घाट, सकाळी लवकर परत, दुपारभर गार खोली, संध्याकाळी दर्शन. आमचे हे सगळा पसारा बघून म्हणाले, "तू काशीला चाललीस का शाळेची सहल काढतेस?" त्यांना कंपनीत सुट्टी नव्हती, म्हणून दोघीच निघालो होतो. मी म्हटलं, "तुमच्या आईला तुम्ही नेलं असतं तर मी पण गॅलरीत बसून विनोद केले असते." मग मुकाट्यानं बॅगा उचलायला लागले.

प्रवास मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. आई खिडकीशी बसून पळणाऱ्या शेतांना नावं ठेवत होत्या. "यवढी जमीन, न् बग, एक पन खाडी नाय." पोचलो त्या संध्याकाळी खुर्चीवरून विश्वनाथाचं दर्शनही झालं. गर्दीनं वाट दिली, आईंनी डोळे भरून पाहिलं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले एक मराठी गुरुजी आम्ही आधीच ठरवले होते. त्यांनी संकल्प सांगितला आणि उठता उठता आईंना म्हणाले, "आजी, काशीला आलेल्यानं आपली आवडती एक वस्तू इथं सोडून जायची असते हं. पुन्हा तिची इच्छा धरायची नाही." आई विचारात पडल्या. मी लगेच संधी साधली, "आई, मिश्री सोडा. डॉक्टरही खूश होतील." फोनवर हे म्हणाले, "आईला जिताडा सोडायला सांग, मग बघू कसली भक्ती." आमच्याकडं जिताडा म्हणजे मासा नव्हे, जावयाचा मान. आई हसल्या. म्हणाल्या, "बगते. सकालपातूर सांगते."

रात्री खिडकीतून नुसता अंधारच दिसला होता; पहाटे घाटावर आलो तेव्हा कळलं. फोटोत खिडकीखाली असलेली गंगा कुठच्या कुठं खाली होती. इतकी आखणी केली, पण एक साधी गोष्ट डोक्यात आली नाही. उन्हाळ्यात नदी आटते. पावसात पाण्याखाली जाणाऱ्या पायऱ्या आता उघड्या पडलेल्या, उंच, झिजलेल्या, वाकड्यातिकड्या. चाकांची खुर्ची तिथं काय कामाची? मिठागराच्या घरात सून म्हणून नांदले, उन्हानं पाणी आटतं हे ऐकत आले, आणि तेच विसरले! स्वतःचा असा राग आला की काय सांगू. खुर्चीत बसवून उचलून नेणारे दोघे जण पुढं आले. मी हो म्हणणार तोच आईंनी हात झटकला. "खांद्यावरशी मी येकदाच जानार. आज नाय." मग म्हटलं, मी तांब्याभर पाणी वर आणते, डोक्यावर घालते. तेही नाही. "मानसानं गंगंकडं जायचं का गंगंनी मानसाकडं यायचं गो?" असं म्हणून त्यांनी लुगडं सावरलं आणि पहिल्या पायरीवर चक्क बसल्या. लहान पोर जिना उतरतं तशा, दोन्ही हात टेकून, बसत बसत एकेक पायरी खाली सरकायला लागल्या. मी शेजारी छत्री धरून.

येणारेजाणारे बघत होते. मला आधी लाज वाटली, मग भीती वाटायला लागली. मे महिन्यातला सूर्य तिकडं वाट बघत नाही. आला की तापतोच. आईंनी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण आंघोळ झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हा त्यांचा नेम. सरबताची बाटली माझ्या हातात होती आणि त्या बघतही नव्हत्या. अर्ध्याहून जास्त पायऱ्या उतरल्यावर त्या थांबल्या. मान कलती झाली, ओठ पांढरे पडले. "आई! अहो आई!" मी बाटली तोंडाला लावली तर जबडा घट्ट मिटलेला. त्या वेळी मला काय वाटलं ते आजही लिहवत नाही. इतक्या जपून, इतक्या आरामात, मी या माउलीला मारायला घेऊन आले. घरी यांना काय सांगू? देवाचं नावही नीट आठवेना. नुसतं 'सांभाळ रे बाबा, सांभाळ' एवढंच तोंडातून येत होतं. कुणाला म्हणत होते, कोण जाणे.

खालून एक बाई आंघोळ करून वर येत होती. माझ्याच वयाची असेल. कपाळभर कुंकू, अंगावर जाडंभरडं सुती लुगडं, आपल्यासारखा काष्टा नव्हे, कुठल्या तरी वेगळ्याच मुलखाची तऱ्हा. नखशिखांत ओली. तिनं आमच्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही, आईंच्या वरच्या पायरीवर येऊन बसली आणि अंगावरच्या ओल्या पदराचा पिळा करून आईंच्या टाळूवर पिळला. पाणी केसांतून गालांवर, गळ्यावर, छातीवर ओघळलं. तिनं पुन्हा पिळला. मग तोच ओला पदर आईंच्या तोंडावरून फिरवला आणि स्वतः उन्हाच्या बाजूला सरकून बसली, म्हणजे तिची सावली आईंवर पडेल. तिच्या भाषेत ती काहीतरी पुटपुटत होती. मला एक अक्षर कळलं नाही. बाळाला निजवताना बोलतात तसा सूर होता, एवढं कळलं.

थोड्या वेळानं आईंनी डोळे उघडले. ओठांवरचं पाणी जिभेनं टिपलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दे आता तुजं सरबत." घटाघटा प्यायल्या. माझे डोळे वाहायला लागले ते थांबेनात. खाली पाणी आता अगदी जवळ होतं, मोजक्याच पायऱ्या राहिल्या होत्या. मलाच चेव आला. म्हटलं, "आई, आता एवढंसं राहिलं. मी धरते, ही बाई धरेल. चला. तुमच्या दोन्ही डुबक्या होतील." आईंनी बाटली माझ्या हातात परत दिली. मग म्हणाल्या, "नको, बाय. मी सोडली."

मला कळेना. "काय सोडली?"

"बुडी. गुरुजी बोललं ना काल, आवडती वस्तू सोडायची. रातभर इचार केला. जिताडा सोडून काय देवाला फसवायचंय? दात तरी हायेत का मना? मिश्री सोडीन, तं ती तुमच्या सगल्यांच्या आवडीनी सोडीन." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "या बुडीसाठी मी येवढी वर्सं जगले. याच्यापरीस आवडतं माज्याकं काय हाय? देवालाच दिली."

त्यांचा आवाज कुठंही कापला नाही. रडत होते ती मी. चिडलेही होते, आईंवर, त्या गुरुजींवर, त्या देवावर. इतक्या लांब येऊन, पाण्यापासून हाताच्या अंतरावर? पण आईंच्या चेहऱ्यावर असं काही निवांतपण होतं, की मिठागराचा शेवटचा वाफा ओढून झाल्यावर त्या दोघांच्या चेहऱ्यांवर हेच असेल असं मला वाटून गेलं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हटलं, "बरं आई."

एवढ्यात ती बाई उठली. पदर पिळून कोरडा झाला होता म्हणून असेल, की आणखी कशानं, ती वर गेली नाही. पुन्हा पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. कंबरभर पाण्यात गेल्यावर वळली, आमच्याकडं तोंड केलं, हात जोडले आणि पाण्याखाली गेली. वर आली, केस मागं सारले, पुन्हा आईंकडं पाहिलं आणि पुन्हा पाण्याखाली गेली. तिथं लोक तीन मारतात, पाच मारतात. मी मनात मोजत होते. तिसरी नाही. ती दुसरीकडून वर चढली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. आई हात जोडून बसल्या होत्या, आणि आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला म्हणाल्या, "पाह्यलंस?" मी म्हटलं, "पाहिलं." त्या दोन डुबक्यांचं त्यांच्या नि माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याचा अर्थ मी लावत बसले नाही, आजही बसत नाही. डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

घरी आल्यावर विचुंब्याच्या गावच्या घरात रीतसर काशीयात्रेचं मावंदं घातलं. आणलेल्या गंगेची पूजा झाली, पंक्ती उठल्या, आई नवं लुगडं नेसून मधोमध बसल्या होत्या. यांनी हौसेनं त्यांना विचारलं, "आई, मग सोडलंस काय? जिताडा ना?" आई म्हणाल्या, "जिताडा कशाला? मेल्यावर तू मना वाढशील का?" सगळे हसले. धाकट्या जाऊबाईनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा, यवढ्या उन्हात आईनी बुडी मारली का?" मी म्हटलं, "झाल्या गं. आईंची झाली, मामंजींची पण झाली." खोटं बोलतेय असं मला जराही वाटलं नाही.

पुढच्या थंडीत आई गेल्या, झोपेतच, कुणाला त्रास न देता. तयारी करायची माझी सवय काही सुटलेली नाही, आणि सुटावी असंही वाटत नाही. छत्री घ्यावी, सरबत घ्यावं, तिकीट कन्फर्म करावं. पण सगळं करून शेवटच्या चार पायऱ्या उरतात, त्या आपल्या हातात नसतात, हे आईंनी मला न शिकवता शिकवलं. त्या बाईचं नाव, गाव, जात, भाषा, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. संध्याकाळी दिवा लावून हात जोडते तेव्हा देवाच्या आधी तीच समोर येते, ओल्या लुगड्यातली, आमच्याकडं बघत पाण्याखाली जाणारी. आधी तिला नमस्कार होतो, मग त्याला. त्याची काही हरकत नसावी.