नवतपात कूलर बंद

वीज वाचवायची शपथ आम्ही एसीत बसून घेतली. मीटिंग हॉलमध्ये इतका गारठा की बायकांनी पदर खांद्यांवरून लपेटून घेतले होते. हेड ऑफिसहून आलेल्या पाहुण्यांनी उजवा हात पुढे करायला लावला, आम्ही केला. टाळ्या झाल्या, समोसे झाले. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांचा हुकूम निघाला: दुपारी बारा ते चार कूलर बंद.

नागपुरात, नवतपात, कूलर बंद! मेच्या शेवटी सुरू होणाऱ्या त्या नऊ तापत्या दिवसांत रामदासपेठेतली कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर येत नाहीत. आमचा सेक्शन वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. पंखा लावला की तो भट्टीतली हवाच अंगावर ढकलायचा. साहेबांच्या केबिनचा एसी मात्र 'अत्यावश्यक' ठरला होता.

मला कोणी वीज वाचवायला शिकवू नये. आमच्या खापा गावच्या घरी खोलीतून माणूस उठला की दिवा मालवायचा, हा आईचा दंडक होता आणि तो मी अजून पाळते. पण काटकसरीसाठी दरवेळी आमचाच गळा का सापडतो, याची मला चीड आली. आजही येते.

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. एका दुपारी ती फायलीवर डोकं टेकून बसली. ओठ पांढरे पडले होते. मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

"रजा टाक वं, घरी जा," मी म्हटलं.

"साध्या रजा संपल्या माह्या. आता टाकली का बाळंतपणाच्या रजेतून कटते. मले ते दिवस लेकराजवळ पायजेत. घरी दुसरं कोणी नाही त्याले पाहाले."

तिचे डोळे भरून आले आणि माझं डोकं फिरलं. साहेब जेवायला धरमपेठेतल्या घरी गेले होते. परत आल्यावर खोली थंड हवी, म्हणून केबिनचा एसी सुरूच होता.

"चाल," मी तिचा हात धरला.

"कुठी?"

"वीज वाचवाले."

तिला साहेबांच्या टेबलासमोर बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायला लावले. मी कोणालाही बोलावलं नव्हतं, पण हळूहळू सगळा सेक्शन फायली घेऊन आत आला. साहेबांचं नाव काढलं तरी उभे राहणारे आमचे हेडक्लार्क सोफ्यावर मांडी घालून बसले. बाहेरचे पंखे-दिवे मी एकूणएक बंद केले.

साहेब आले आणि दारातच थबकले. "ये क्या तमाशा है?"

"एका एसीत सगळं ऑफिस बसवलं, साहेब. बाहेर एक पंखा चालू नाही. शपथ घेतली ना आपण."

"बाहेर व्हा सगळे!"

कोणी हललं नाही. पण साहेबही हट्टी. "मग मीच बाहेर बसतो," म्हणत ते जाऊन माझ्या खुर्चीत बसले. पंखा लावला. काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं. आधी टाय सुटली, मग कॉलरचं बटण, मग रुमाल पिळायची वेळ आली. चार वाजायला बराच अवकाश होता.

"अरे, कूलर लावा रे कोणीतरी!" शेवटी ते ओरडले.

मी जाऊन कूलर लावला. पाणी चढलं, वाळा भिजला, हवा बदलली. साहेब केबिनमध्ये आले. आवाज बराच खाली आला होता. "उद्यापासून कूलर चालू राहतील. झालं समाधान? आता चला आपापल्या जागेवर."

सगळे उठले. माझी मैत्रीण उठली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांपुढे 'जी साहेब'च्या पलीकडे तिचा शब्द गेला नव्हता. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "लेकरू आता कुठी शांत झालं, साहेब. पाच वाजता उठीन मी. तोवर तुम्ही बसा बाहेर."

साहेबांनी आपला चष्मा आणि पेन उचललं आणि ते बाहेर निघाले.