दुसऱ्या शनिवारची सभा

पैसे साठावेत म्हणून लोक सोसायटी काढतात. आमच्या कारखान्याच्या क्रेडिट सोसायटीत पैसे साठायला बरीच वर्षं लागली, किस्से मात्र पहिल्या महिन्यापासून साठायला लागले. त्यांच्यावर व्याजही चढलं असणार, कारण आजही आम्ही चार जुनी माणसं कुठल्या लग्नात भेटलो की ताटातलं जेवण गार होतं पण किस्से आटपत नाहीत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वसई पूर्वेला आमचा कुलपांचा कारखाना होता. कुलपं इथे बनायची, पण पगारपत्रक बनायचं मुंबईच्या हेड ऑफिसात. कोणाच्या पगारातून सोसायटीसाठी किती कापायचं, कोणाची कपात बंद करायची, हे आम्ही यादी करून कळवायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॅन्टीनमध्ये कमिटीची सभा व्हायची. तिथे बदल मंजूर व्हायचे आणि मंगळवारी सकाळी माल नेणाऱ्या व्हॅनबरोबर यादी मुंबईला जायची. एकदा व्हॅन गेली की कोणी रडो नाहीतर पाया पडो, बदल पुढच्या महिन्यात.

पण खरी गंमत व्हॅनची नव्हती, लोपीसकाकांची होती. पापडी गावचे लोपीसकाका आमचे सेक्रेटरी, धंद्याने स्टोअरकीपर. एक स्क्रू मागायला गेलात तरी चिठ्ठी मागणार. शनिवारी सभा संपली की ते यादी ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावत, तेही आमच्याच कारखान्याचं. व्हॅन मंगळवारी का जाईना, सभेनंतर यादीत एक टिंब वाढत नसे. मी जॉइंट सेक्रेटरी, म्हणजे चहा सांगणारा आणि कोण काय बोललं ते उतरवून घेणारा. काकांच्या या हट्टाचा सगळ्यात जास्त वैताग मलाच यायचा.

पॅकिंगमध्ये मोनिकाबाई होत्या, नायगावच्या. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, शीला. घरावर कौलं घालायला त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. शीलाला नर्स व्हायचं होतं. ट्रेनिंगला नंबर लागला की हॉस्टेलचं डिपॉझिट लगेच भरायचं होतं, आणि ते भरायला मोनिकाबाईंना नवं कर्ज लागणार होतं. आमचा नियम असा, की जुन्या कर्जाची कपात यादीतून निघाली तरच नवं मिळणार. त्या अधूनमधून स्टोअरच्या खिडकीशी येऊन काकांना बजावून जायच्या, की माझ्या शीलाचा नंबर लागेल तेव्हा नाही म्हणू नका. काकांचं उत्तर ठरलेलं, "दुसऱ्या शनिवारच्या आत सांगा. मग कोण नाही म्हणतो?"

*

पास्कू फिटरचं सायकलचं कर्ज फिटलं, पण कपात बंद करायला सांगायला तो सोमवारी आला. काकांनी नाही म्हणून हात हलवले. पुढच्या पगारात पैसे पुन्हा कापले गेले. पास्कू तणतणत आला, आता हा भांडणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. तर तो हळूच काकांच्या कानाला लागला आणि म्हणाला, की राहू दे काका, कापत जा. बायकोला वाटतंय कर्ज अजून फिटायचंय, तेवढेच माझ्या नावावर साठतील.

अशी त्याची गुपचूप बचत वर्षभर चालली. नाताळच्या आधी एक बाई गेटवर येऊन माझी चौकशी करू लागल्या. पास्कूची बायको! शांतपणे विचारलं, "आमच्या ह्यांचं ते फिटलेलं कर्ज आता किती झालं हो? मला शिलाई मशीन घ्यायचीय."

मशीन आली. पास्कूने नाताळला तिच्यावर शिवलेला शर्ट घातला होता, बाह्या थोड्या लांड्या होत्या.

*

अकाउंट्समधला वर्तक वाडीवाल्यांच्या घरचा, घरी केळीची बाग. एकटा जीव, खर्च काही नाही, म्हणून त्याने जवळजवळ अर्धा पगार सोसायटीत लावला होता. मग घरच्यांनी अचानक लग्न ठरवलं. गडबडीत कपात कमी करायला सांगायचं राहिलं आणि दुसरा शनिवार निघून गेला. लग्नानंतरचा पहिला पगार त्याने कौतुकाने बायकोच्या हातात ठेवला. तिने तो पाहिला आणि माहेरी निरोप धाडला.

दोन दिवसांत सासरे कारखान्यात हजर. जावयाचा पगार सांगितला एवढा, येतो एवढा, बाकीचा जातो कुठे? दारू, की पत्ते? वर्तक घामाघूम. लोपीसकाकांनी सासऱ्यांना कॅन्टीनमध्ये नेलं, चहा पाजला आणि कपात, सभा, व्हॅन सगळं नीट समजावलं. सासरे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी बशी खाली ठेवून म्हणाले, "मुहूर्त काढताना आम्ही भटजींना विचारलं. तुम्हालाही विचारायला हवं होतं."

त्यानंतर कारखान्यात जमणाऱ्या प्रत्येक लग्नाची तारीख एकदा काकांच्या कानावर घालून मगच पत्रिका छापायला जायची. चर्चमधलं असो नाहीतर मांडवातलं.

*

सभेचे काकांचे नियम फार. आभार मानल्याशिवाय सभा संपत नाही, हा त्यातला मुख्य. आभाराचं काम वर्तककडे. अध्यक्षांचे, सभासदांचे, कॅन्टीनवाल्याचे, सगळ्यांचे तो मानायचा. फक्त सेक्रेटरीचे नाहीत. पहिल्याच सभेत त्याने काकांचं नाव घेतलं तेव्हा काकांनी त्याला गप्प केलं होतं. सेक्रेटरी आपलं काम करतो, त्याचे कसले आभार? ते तेव्हापासून बंद.

एका शनिवारी ऐन आभाराच्या वेळी शेजारच्या वाडीत गवताच्या गंजीला आग लागली. आम्ही सगळे बादल्या घेऊन धावलो. आग विझवली आणि काळी तोंडं घेऊन परस्पर घरी गेलो. सोमवारी सकाळी काका गेटवरच उभे. हातात डबे घेतलेल्या कमिटीला त्यांनी तिथेच थांबवलं आणि वर्तकला आभार मानायला लावले. मग म्हणाले, "सभा संपली."

तोवर कमिटीत आलेल्या पास्कूला राहवलं नाही. त्याने विचारलं, म्हणजे काल रविवारी मी चर्चमध्ये मिसाला गेलो तो सभेतून उठून गेलो की काय?

"हो," काका म्हणाले, "पण माझी परवानगी होती."

*

एकदा काका स्वतःच सापडले. त्यांना आपली कपात कमी करून हवी होती, त्यांच्या बायकोने, रोजामावशींनी, घरात चार पैसे जास्त मागितले होते. पण त्या शनिवारी सभेत दुसऱ्यांचे अर्ज वाचता वाचता स्वतःचा अर्ज खिशातच राहिला. सोमवारी आठवलं. आम्ही सगळे म्हणालो, काका, यादी तुमच्याच ड्रॉवरमध्ये, किल्ली तुमच्याच कमरेला. घ्या की लिहून! काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही जणू चोरीच करायला सांगितलं होतं.

रोजामावशींना त्यांनी घरी जाऊन सांगितलं, की सेक्रेटरी ऐकत नाही. मावशी म्हणाल्या, "मग त्याला माझ्यासमोर आणा." महिनाभर काकांच्या डब्यात नुसती भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. काका ती चवीने खायचे, तक्रार नाही. असल्या माणसाला काय बोलणार?

*

आणि मग तो सोमवार.

शनिवारी सभा झाली, वर्तकने आभार मानले, यादी ड्रॉवरमध्ये गेली. रविवारी मिसा सुटल्यावर हॉस्पिटलच्या सिस्टरनी मोनिकाबाईंना निरोप दिला, की शीलाचा नंबर लागला. डिपॉझिट या महिन्याच्या आत भरायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. कौलांचं कर्ज गेल्याच पगारात फिटलं होतं, पण ती कपात काढून नवा अर्ज याच यादीत गेला नाही तर कर्ज पुढच्या महिन्यात मिळणार. तोवर जागा गेलेली असणार.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कमिटीवाले नेहमीच्या बाकावर डबे उघडून बसलो होतो. मोनिकाबाई आल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "काल सांगाया येनार होते, पन कारखाना बंद," त्या म्हणाल्या. कोणाच्या तोंडात घास फिरेना. सगळ्यांना काकांचं उत्तर ठाऊक होतं. पास्कूने खिशात हात घातला आणि म्हणाला, आपण वर्गणी काढू.

"वर्गनी नको," मोनिकाबाई म्हणाल्या. "माझ्याच पगारातून कापा. माझी पोर माझ्याच पैशानं शिकू दे."

मला इतका राग आला होता, की काका नाही म्हणाले तर जॉइंट सेक्रेटरीपद त्यांच्या डब्यात टाकून उठायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

काकांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. हात पुसले. मग वर्तककडे वळले.

"शनिवारी आभार कोणाकोणाचे मानलेस?"

वर्तक गोंधळला. अध्यक्षांचे मानले, सभासदांचे मानले, कॅन्टीनवाल्याचे मानले, त्याने सांगितलं.

"आणि सेक्रेटरीचे?"

"तुम्हीच नको म्हणता ना, काका. कधीच मानत नाही."

"म्हणजे राहिले." काकांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "मग सभा चालू आहे. यादी आण. पुढचा विषय, मोनिकाबाईंचा अर्ज."

अर्ज एका मिनिटात मंजूर झाला. मोनिकाबाई बाकाच्या टोकाला बसून पदराने डोळे पुसत होत्या, आणि खरं सांगतो, माझेही भरून आले होते. पास्कू बोटांवर कसलासा हिशोब करत होता. तो हळूच म्हणाला, "काका, म्हणजे आजवरची आपली एकही सभा..."

"जेव," काका म्हणाले.

वर्तक मात्र उठून उभा राहिला. त्याने शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुरुवात केली, "आणि आपले सेक्रेटरी श्रीयुत लोपीस यांचे..."

काकांनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"आता नको. व्हॅन उद्या सकाळी जाते. तोवर आणखी कोणी आलं तर?"