पेवावरचा भुऱ्या

सोनबा मूळचा बिबवेवाडीचा. पोर तापाने गेलं, पाठोपाठ बायको देवीच्या साथीत गेली आणि मागे उरलेला हा गडी नारायण पेठेत श्रीधरपंतांच्या घरी राखणीला राहिला. बोलायचा अगदी कमी. पंत म्हणत, सोनबाला शब्द विकत आणावे लागतात. मोकळेपणी तो बोलायचा ते एकट्या भुऱ्याशी. आईवेगळं ते कुत्र्याचं पिल्लू त्याने चिंधीने दूध पाजून जगवलं होतं, आणि पेठेतल्या शहाण्यांनी त्याला हसायचं तेवढं हसून घेतलं होतं.

पंतांच्या परसात पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आत वर्षभराची ज्वारी, तोंडावर फरशी आणि वर माती. भुऱ्याने तिथून हलू नये म्हणून सोनबा त्याला रोजची भाकरी पेवावरच घालायचा. कुत्रं ते पक्कं शिकलं. सोनबाला त्याचा केवढा अभिमान!

मग हडपसरची लढाई झाली. पेशवे शहर सोडून गेले आणि बेवारशी पुण्यात लुटारू घरोघर शिरू लागले. जमिनीवर पाणी ओतायचं, ते चटकन कुठे मुरतं ते बघायचं आणि तिथे खणायचं, ही त्यांची रीत. पंतांनी पेवावरची माती चोपून घेतली, शेणाने सारवली, वर गोवऱ्या रचल्या. सगळं झाकलं. भुऱ्या आला आणि गोवऱ्यांवर चढून बसला.

पंत म्हणाले, दवंडी पिटली असती तरी इतकं चोख काम झालं नसतं.

सोनबाने त्याला नदीपार भांबुर्ड्यात नेऊन सोडलं. कुत्रं त्याच्या आधी घरी हजर. गोठ्यात बांधलं, तर दाव्याला हिसके देत, पेवाकडे तोंड करून ते विव्हळू लागलं. तोवर पलीकडच्या आळीतून किंकाळ्या ऐकू यायला लागल्या. दाणा गेला तर घरातली लेकरं काय खातील, हे सोनबाला कोणी सांगायला नको होतं. पंतांनी सांगितलंही नाही. ते घरात गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

सोनबाने दावं सोडलं आणि भाकरीचा तुकडा पुढे टाकला. भुऱ्याने मान खाली घातली. कुऱ्हाडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सोनबाने एकच घाव घातला. गोठ्यामागे खड्डा खणून त्याने त्याला ठेवला आणि हातांनी माती लोटली.

लुटारू आले. परसात त्यांनी घागरी ओतल्या. गोठ्यामागे पाणी घटाघटा मुरलं, तसे ते हावरेपणाने खणू लागले, आणि हाती लागलं मेलेलं कुत्रं. चिडून त्यांनी ते बाहेर फेकलं, सोनबाच्या पाठीवर कोरडे ओढले आणि घरातली भांडीकुंडी उचलून चालते झाले. पेवाकडे कोणी फिरकलंच नाही.

पंतांना आनंद आवरेना. त्यांनी बायकोपोरांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत सोनबाची पाठ थोपटली. भुसभुशीत मातीचं असलं आमिष आपल्याला सात जन्मांत सुचलं नसतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले.

"युक्ती न्हवं, धनी," सोनबा म्हणाला. "माती पायानं दाबाय पायजे हुती. त्येच्यावर पाय देववला न्हाई."

आणि उघड्यावर पडलेल्या भुऱ्याला उचलायला तो गोठ्यामागे गेला.