जिना, रॅम्प, लिफ्ट आणि महादेवी

जुनी इमारत दुरुस्तीला काढली की राडारोडा निघतो, तसे किस्सेही निघतात. राडारोडा ठेकेदार उचलून नेतो, किस्से आमच्या स्टाफरूममध्ये साठतात. आमचं सोलापुरातलं कॉलेज काळ्या दगडाचं, ब्रिटिशांच्या काळातलं. त्याचं नूतनीकरण निघालं आणि मला बांधकाम समितीवर घेतलं. इतिहासाच्या मास्तरला जुनं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. तर ऐका. हसू आलं तर हसा, मला हल्ली येत नाही.

*

पहिली मीटिंग जिन्यापाशीच भरली. पुण्याहून आलेले आर्किटेक्ट पायरीवरून हात फिरवत म्हणाले, "याला धक्का लावायचा नाही. बघा, किती पिढ्यांच्या पावलांनी दगड झिजलाय!" सगळे वाकून बघायला लागले.

शेजारी व्हीलचेअरवर महादेवी होती. वळसंगची पोरगी, बी.ए.ला माझ्याच वर्गात. लहानपणी ट्रॅक्टरखाली दोन्ही पाय गेले. इतिहासाचा वर्ग वरच्या मजल्यावर, त्यामुळे वर्गातली मुलं तिला रोज खुर्चीत बसवून वर न्यायची. ती म्हणाली, "पार वरपर्यंत झिजलाय सर. पोरं उचलून नेतात तवा मी पायऱ्याच बघत असते, पडायच्या भ्यानं."

आर्किटेक्टनी जिन्याचे फोटो काढले आणि चहाला गेले.

*

मग दारापाशी रॅम्प झाला. उतार बरोबर आहे का, हे ठेकेदाराने स्वतः तपासलं. मोटारसायकल घालून! गाडी दणक्यात चढली. "पास हाय की सर," तो म्हणाला. महादेवीची खुर्ची अर्ध्यावरून मागे घसरायला लागली. शिपाई सिद्रामने पळत जाऊन धरली म्हणून बरं.

रॅम्प तोडून पुन्हा केला. या खेपेला इतका झकास झाला की स्टाफच्या स्कूटर त्याच्यावर उभ्या राहायला लागल्या. त्या थांबवायला प्राचार्यांनी रॅम्पला आडवी साखळी लावून कुलूप घातलं. स्कूटर थांबल्या. महादेवीही थांबली.

*

तळमजल्यावर तिच्यासाठी खास टॉयलेट बांधलं. रुंद दार, धरायला स्टीलचे दांडे, पांढऱ्या फरशा. इतकं चकचकीत की कुणाला वापरू द्यायला जीव होईना. पाहुण्यांसाठी म्हणून कुलूप लागलं आणि किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये गेली. प्राचार्य निम्मा वेळ मीटिंगला बाहेर.

एकदा उन्हाळ्यात मी महादेवीला माझी पाण्याची बाटली पुढे केली. ती नको म्हणाली. "कॉलेजला यायचं असलं की सकाळपासनं पाणी पीतच न्हाय मी."

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला याच्यापुढे काही सांगायला नको. मला त्या दिवशी घरी जाऊनसुद्धा पाणी गोड लागलं नाही.

*

तुम्ही म्हणाल, वर्गच खाली का नाही आणला? मीही तेच म्हणत होतो. खाली एकच मोठी खोली होती, आणि तिच्यात लिफ्टच्या कामाची सिमेंटची पोती रचली होती. "लिफ्ट तिच्यासाठीच तर चाललीय, सर," प्राचार्य समजावणीच्या सुरात म्हणाले. "थोडी कळ काढा."

कळ तिनेच काढली. एके दिवशी जिन्यावर एका मुलाचा पाय घसरला आणि महादेवी खुर्चीसकट खाली आली. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, सुरक्षेच्या कारणास्तव विद्यार्थ्यांना उचलून नेण्यास मनाई. उपाय संपला, अडचण तशीच. माझा तास वर आणि ती खाली व्हरांड्यात. संध्याकाळी मी तिच्यापाशी बसून थोडंफार सांगायचो, पण तेवढ्यात वळसंगची बस यायची.

शेवटी तिचे वडील आले. "सायेब, पोरगी नुसती व्हरांड्यात बसून घरी येती. त्यापरीस घरात बसलेली बरी." दाखला घेऊन गेले. मी समितीचा राजीनामा लिहिला. तो घ्यायलाही कुणाला वेळ नव्हता.

*

ती गेल्यावर लिफ्ट सुरू झाली. पूजा झाली, नारळ फुटला. लिफ्टमधून पहिल्यांदा वर गेला तो वरच्या हॉलचा सोफा.

मग बाहेरची तपासणी समिती यायची ठरली आणि प्राचार्यांच्या लक्षात आलं की लिफ्टमध्ये व्हीलचेअर दाखवायला कॉलेजात कुणी उरलंच नाही. "महादेवीला तेवढ्यापुरतं बोलवा," ते मला म्हणाले. मी फोन करणार नाही, म्हणालो. ऑफिसातून गेला.

मला वाटलं होतं, ती येणार नाही. आली. वडिलांनी टेंपोतून आणली. केस नीट विंचरलेले, मांडीवर कॉलेजची बॅग. साखळी काढलेली होती. लिफ्ट वर गेली, दार उघडलं, समितीने टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला.

समितीच्या प्रमुख बाईंनी कौतुकाने विचारलं, "कुठल्या वर्गात आहेस, बाळ?"

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. महादेवीने समोर माझ्या वर्गाच्या उघड्या दाराकडे बोट केलं; आत मुलं तासाची वाट बघत बसली होती. "ह्याच."

आणि खुर्ची वळवून ती आत गेली. मुलं सरकली, पहिल्या बाकाशेजारी जागा झाली. तिने बॅगेतून वही आणि पेन काढलं. "चला, झालं बाळ," प्राचार्य दारातून हळूच म्हणाले. तिने तिकडे पाहिलं नाही.

"अहो, बसू द्या की," बाई म्हणाल्या आणि स्वतःही मागच्या बाकावर जाऊन बसल्या. "सर, चालू द्या तुमचा तास."

मी खडू उचलला. सवयीने विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?"

"मी खालीच राहिले व्हते, सर," महादेवी म्हणाली. "पयल्यापासनं सांगा."