हरण्याचं शिंग

सुप्याच्या एमआयडीसीत दीपा दिवसभर खड्ड्यात बघते. खड्डा पोलादी साच्यातला, तिळाएवढा. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो चंद्रावरचा वाटतो. केसासारखी बारीक तार त्याच्या काठाशी धरायची, पायाने पेडल दाबायचं. लेसर लुकलुकतो, तार वितळते, थेंब बसतो. थेंबाशेजारी थेंब. खड्डा भरला की घासून सारखा करायचा. मग त्या साच्यातून प्लास्टिकच्या बादल्या निघतात, डबे निघतात. साच्यात सगळं उलटं असतं, उंच ते खोल आणि डावं ते उजवं. दीपाला आता सुलटं जगच थोडं चुकल्यासारखं वाटतं. त्यात तिचा फारसा दोष नाही.

श्रावणात बैलाच्या मुखवट्याचा साचा आला. नगरला सावेडीच्या फ्लॅटांमध्ये पोळ्याला बैल कुठून आणणार, म्हणून हा प्लास्टिकचा. टेम्पोतून उतरवताना साचा पडला होता आणि दोन्ही शिंगांची टोकं बिघडली होती. नमुना कुणाकडेच नव्हता.

"शिंग शिंगासारखं दिसलं म्हणजे बास," मालक सुनीलशेठ म्हणाले.

दीपाचे वडील रंभाजी तेव्हा तिच्याकडेच होते. जामखेडकडे त्यांचा शेवटचा बैल, हरण्या, उन्हाळ्यात म्हातारपणाने गेला. रिकाम्या गोठ्यासमोर बसून राहतात म्हणून लेकीने त्यांना सावेडीत आणलं. इथे ते पार्किंगसमोर बसून राहत. "यंदा आपल्याला पोळा न्हाई," एवढंच ते बोलले होते. दीपाला तेवढं सोसेना.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि खड्ड्याच्या तळाशी हरण्या उभा राहिला. उजवं शिंग खाली झुकलेलं, त्या बाजूचं कुणाचं तरी ऐकत असल्यासारखं. तिने ते थेंबाथेंबाने तसंच वळवलं. वर्कशॉपमध्ये दिवसभर कडब्याचा वास येत होता, असं ती सांगते. वेल्डिंगला आर्गॉन वायू लागतो. त्याला वास नसतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. त्या संध्याकाळी तिने मुखवटा आणून पाटावर ठेवला.

"ह्याला खांदंच न्हाईत," रंभाजी म्हणाले. "मळू काय?"

"शिंग बघा ना, अण्णा."

त्यांनी शिंगावरून बोट फिरवलं. "ह्यो हरण्या न्हाई. त्याचं उजवं वाकडं हुतं. ह्याचं डावं हाय."

दीपाने साच्यात वळवलेलं उजवं शिंग मुखवट्यात डावं होऊन आलं होतं. रोज उलटा विचार करणारी ती, नेमकी त्या दिवशी सुलटा बैल बघत बसली होती. एव्हाना निम्म्या नगरच्या दारांवर तो डावं शिंग झुकवून लागला होता.

"चुकलं माझं."

रंभाजी मुखवट्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

"हरण्याला कुठलीबी जोड लावली तरी मधी शिंगाला शिंग लागायचं. लई खडखड. ह्याचं मधलं शिंगबी खाली झुकतं, ह्याचं न्हाई लागायचं." त्यांनी पाट सरकवून शेजारी हरण्याला जागा केली. "असला जोडीला गावला न्हाई कधी. हळद-तूप आन."

खांदे नव्हते, म्हणून त्यांनी पाटाला हळद लावली, आणि शेजारच्या फरशीलाही. मग दोघांनाही रीतसर सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

दीपाने पुरणाची डाळ थोडी जास्त काढली.