बशीरभाईंचा उलटा हात

२०२४ साल. मला बहात्तरावं लागलेलं. मुखेडला एसटी स्टँडामागं बशीरभाईंचं दुकान होतं. आधी रेडिओ दुरुस्तीचं, मग मोबाइलचं, शेवटी लॅपटॉपचं. मी लॅपटॉप पुढ्यात ठेवला, तर त्यांनी पेचकसाला हातसुद्धा लावला नाही. डोळे मिटले आणि उलटा हात मशीनच्या पोटाखाली घातला, लेकराचा ताप बघतात तसा. बराच वेळ. मला वाटलं, हा माणूस मशीन दुरुस्त करतोय का दुवा मागतोय?

"कुठं ठेवता मालक हिला?"

"वाकळेवर. चार घड्या घालून. वरून टॉवेल."

"टॉवेल कायकू?"

"धूळ बसू नये म्हणून."

त्यांनी मागचं झाकण उघडलं. आतल्या पंख्यावर लाल-पिवळा थर आणि दोन पात्यांच्या मधी तांदळाचा एक दाणा. दसऱ्याला औतफाट्याबरोबर मी लॅपटॉपचीही पूजा केली होती. हळद-कुंकू, अक्षता, सगळं मोकळ्या हातानं.

"मालक, ह्याचं तर लगीनच लावलं तुम्ही!" बशीरभाई म्हणाले. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मला ते झोंबलं.

लॅपटॉप हा काही माझा शौक नव्हता. आदल्या श्रावणात बायकोला लकवा मारला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. लातूरच्या एक बाई रोज चार वाजता लॅपटॉपवरून तिला बोलायला शिकवायच्या. नातीनं आपला जुना लॅपटॉप त्यासाठीच दिला होता. आणि आमच्या गावची लाइट नेमकी चारलाच जाते. म्हणजे चैताच्या उन्हात, पत्र्याखाली, निस्त्या बॅटरीवर अर्धा तास काढायचा. पंखा जोरात असला की बाई गिरणीत उभ्या राहून बोलल्यासारख्या ऐकू यायच्या आणि बॅटरी वीस मिनिटांत खलास. हळू असला की मशीनचा तवा.

बशीरभाईंनी सगळं साफ केलं. पडद्यावर एक पट्टी बसवून दिली. बोटानं सरकवली की पंखा कमी-जास्त होणार.

"लाइट हाय तवर पाव घंटा पंखा फुल पळवा, मशीन थंड करून घ्या. शिकवणी चालू झाली की हळू करा. पडद्याचा उजेड बी कमी करा, बॅटरी टिकती. मधी मधी उलटा हात लावा, चटका बसला की थोडं वाढवा. मशीनला हुकूम नक्को मालक. तब्येत विचारा."

मी चौथी पास, पण वीस वर्षं विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेला माणूस. त्या इंजिनाची तब्येत मी कधी विचारली नव्हती, लाथ घालायचो. म्हणालो, "मला नका शिकवू. माझी उमर गेली इंजिनात."

"हौ, दिसलं की आत," ते म्हणाले.

घरी येऊन मी माझीच अक्कल चालवली. आवाज नको ना? मग पंखाच बंद. त्या दिवशी घरात काय शांतता! बाई म्हणाल्या, "पाणी म्हणा आजी." बायकोनं ओठ जुळवले. "पा..." आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि पडदा काळा. मशीन तापून बंद पडली. मी आपला ओरडतोय, "पाणी! पाणी म्हण की!"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पुढं आठ दिवस चार वाजले की हात झटकायची. लातूरच्या बाईंचा फोन आला, "आजोबा, सराव तुटला तर आलेलं पण जाईल."

नवव्या दिवशी मी मुखेड गाठलं. मान खाली घालायची सवय नाही, म्हणून दारातूनच म्हणालो, "तुमची पट्टी बिघडली."

बशीरभाईंनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि दुकानाचं शटर ओढलं. "चला. घरी जाऊनच बघू."

घरी आल्यावर ते लॅपटॉपकडं गेलेच नाहीत. भिंतीकडं तोंड केलेल्या माझ्या बायकोजवळ खाली बसले. "भाभी, आज मशीन मी सांभाळतो. मालकाच्या हातात आज काहीच न्हाई." ती वळली. हसली की काय, मला नक्की सांगता येणार नाही. मी तिकडं बघायचं टाळत होतो.

त्यांनी वाकळ काढून लॅपटॉपखाली पाट ठेवला. पाव घंटा पंखा पळवला. चारला लाइट गेली, तसा हळू केला. एक उलटा हात मशीनला, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर, डोळे अर्धे मिटलेले. चटका जाणवला की बोट केसभर पुढं, निवली की मागं. पंखा फिरतोय हे कान देऊन ऐकलं तरच कळावं.

माझं मात्र चालूच होतं. "जरा वाढवा. नको, कमी करा. बॅटरी किती राहिली? अगं, पाणी म्हण. पा! असे ओठ कर, असे..."

बायकोनं पडद्यावरची नजर काढली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गप."

स्वच्छ. अख्खा शब्द. तिकडं लातूरला बाईंनी टाळ्या वाजवल्या. बशीरभाईंनी हात हलवला नाही. "मालक, आवाज पंख्याचा नव्हता," एवढंच बोलले.

संध्याकाळी त्यांना एसटीला सोडायला गेलो. तिथं म्हणाले की दुकान बंद करून ते लेकीकडं देगलूरला चाललेत, बारीक स्क्रू आता दिसत नाहीत.

"मग मशीन बिघडली तर आम्ही काय करायचं?"

"हाताला विचारायचं. हात खोटं बोलत न्हाई. तोंडाचं काय सांगता येत न्हाई."

माफी मागायची होती. पण एसटी आली आणि मी म्हणालो, "खिडकीची जागा धरा." त्याच पावसाळ्यात ते देगलूरला वारले. मला महिन्यानं कळलं.

पण ते घरी येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. बायकोनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत ओठ हलवायला लागली. साखर विसरलो होतो, हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं. शब्द माझ्या जिभेवर होता. डबा हाताशी होता. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तिच्या तोंडाकडं बघत बसून राहिलो.