ओट्याची उंची

माझा मामा घरांचा दलाल. हा शब्द त्याला अजिबात खपत नाही, तो स्वतःला सल्लागार म्हणवतो. लोक त्याला चावीवाले म्हणतात, कारण त्याच्या पट्ट्याला कायम दहा-बारा परक्या घरांच्या चाव्या लटकत असतात. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांना घरं मिळवून दिली आणि स्वतः मात्र भाड्याच्या घरात राहिला.

घर दाखवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी तो जातो, खिडक्या उघडतो, नळ सोडून त्यांतली हवा घालवतो, कुरकुरणाऱ्या दाराला तेल देतो. घर कशाने विकलं जातं ते त्याला तोंडपाठ आहे. भिंतभर कपाटं, झोपायच्या खोलीला लागून न्हाणीघर, हात जाईल तिथे प्लगचा पॉइंट, म्हाताऱ्या माणसासाठी खाली एक खोली. कशाने अडकतं तेही त्याला माहीत आहे. एका हौशी गृहस्थाने बैठकीच्या भिंतीत माशांची काचेची टाकी बसवून घेतली होती, चांगली दाराएवढी. लोक यायचे, मासे बघायचे आणि निघून जायचे. दोन वर्षं ते घर मामाच्या गळ्यात पडलं होतं. शेवटी त्याने टाकी रिकामी केली, तिच्यात पुस्तकं रचली आणि पुढच्याच आठवड्यात व्यवहार झाला. तेव्हापासून कोणी घरात काही खास करून घेतो म्हटलं, की मामा त्याला ही टाकी ऐकवतो.

त्याने स्वतःचं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा नकाशा माझ्याकडे आला. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. मामाची यादी दोन पानी होती. मामीची अट एकच होती, ओटा.

मामीची उंची चार फूट आठ इंच. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथे तिला बसायला उंच स्टूल आहे, घरी मात्र लाकडी खोका. सात भाड्याची घरं झाली, सातही घरांत तिने खोक्यावर उभं राहून स्वयंपाक केला. चार वर्षांपूर्वी त्यावरून पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. ते अजून पूर्ण वळत नाही, बरणीचं झाकण उघडायला ती मामाला हाक मारते. "आपलं घर झालं की ओटा माझ्या मापाचा हं," असं ती मला तीनदा तरी बजावून गेली होती.

मी नकाशात ओटा नेहमीपेक्षा पाच इंच खाली घेतला. मामा ऑफिसात आला, कागद बघितला आणि माझ्याच लाल पेनने तिथे चौतीस इंच लिहिलं.

"अगं, असला बुटका ओटा बघितला की गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल."

"कुठलं गिऱ्हाईक? तुम्ही दोघं राहायला जाताय ना?"

"आज राहू. उद्याचं कोणी सांगितलंय?" मग त्याने आवाज खाली आणला. "मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. उद्या मी नसलो तर तिला हे घर महिन्याभरात विकता आलं पाहिजे. एकट्या बायकांची घरं लोक कशी भाव पाडून मागतात, तुला नाही माहीत. मी बघतो रोज."

त्याचे डोळे भरल्यासारखे वाटले. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं की मामा, हे मामीला सांग. म्हटलं नाही. चौतीसचा नकाशा निमूट छापून दिला. त्याचा मला आजही राग येतो, माझा स्वतःचा.

पुढचं वर्षभर त्या न आलेल्या गिऱ्हाइकाने आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. भिंती फिकट का, तर त्याला चालतील. वर जायला बाहेरून जिना का, तर त्याला भाडेकरू ठेवता येईल. मामी म्हणायची, "एवढं त्यांचं चाललंय, तर एकदा जेवायला तरी बोलवा." ओट्याचं विचारलं की मामा म्हणायचा, "होईल, होईल." ओट्याचा दगड अगदी शेवटच्या आठवड्यात बसला, त्यामुळे ते "होईल" तोवर निभावलं.

घर तयार झालं त्या रविवारी मामा आधी पुढे गेला आणि मी मामीला घेऊन मागून पोचले. खिडक्या उघड्या, दिवे लागलेले, मामा दारात उभा.

"या, या. चपला असू द्या."

आम्ही आत गेलो आणि मामाचं सुरू झालं. ऊन कुठून येतं, हवा कशी खेळते. कपाटाचं दार सरकवत तो म्हणाला, "खोली बघा कपाटाची. दोन संसार मावतील, ताई."

ताई! स्वतःच्या बायकोला! मला हसू आवरेना. त्याला पत्ताच नव्हता. तीस वर्षांची जिभेची सवय, ती एकटीच चालली होती. मामीने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता तीही हसेल. पण ती शांतपणे "हो का?" म्हणाली आणि त्याच्यामागून चालत राहिली. न्हाणीघर बघितलं, नळ उघडून बंद केला, प्लगचे पॉइंट मोजले.

स्वयंपाकघर तो नेहमीच शेवटी दाखवतो. मामी ओट्यापाशी गेली आणि दोन्ही हात दगडावर ठेवून उभी राहिली. तिचे खांदे कानांशी आले.

"उंच आहे," ती म्हणाली.

"उंचीचं काय एवढं, ताई? खाली एक खोका ठेवला की झालं."

हे बोलून झाल्यावर मामाला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मामीने हात झटकले.

"घर छान आहे," ती म्हणाली. "घरी बोलून कळवते."

आणि ती निघाली. मी तिच्यामागून. मामा ओट्याला टेकून तसाच उभा राहिला. "कळवते" म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तसं म्हणून गेलेल्या एकाही माणसाचा फोन त्याला आजवर आलेला नाही.

मामी भांडली नाही, रडली नाही. भाड्याच्या घरात बांधून ठेवलेली सामानाची खोकी तिने सोडली, भांडी परत मांडली आणि सोमवारी कामावर गेली. मामाशी सगळं नेहमीसारखं बोलायची, नव्या घराचं तेवढं नाही. मामाने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन बसला.

"ओटा तोडायचा तर दगड जाईल ना वाया?"

"जाईल."

"आणि विकताना..."

माझं डोकंच फिरलं. "मामा, तुझ्या घराला आत्तापर्यंत एकच गिऱ्हाईक आलंय, आणि ते कळवते म्हणून गेलंय. बघ बाबा तुझं तू."

तो चाव्या सावरत उठला. मग म्हणाला, "टेप घे आणि चल. एकट्याला मला तिच्यासमोर जमायचं नाही."

आम्ही गेलो तेव्हा मामी खोक्यावर उभी राहून भाजी चिरत होती. मामा म्हणाला, "खाली उतर."

"का?"

"माप घ्यायचंय."

ती उतरली. मामा गुडघे धरत खाली बसला. तिच्या टाचेपाशी टेप लावून वर बघत म्हणाला, "हात कोपरात वाकव. चिरताना धरतेस तसा." इतक्या वर्षांत तिला असं कोणी मोजलं नव्हतं. ती अवघडून उभी राहिली, भिंतीकडे बघत. मी आकडा वाचला, सोयीसाठी लागतं तेवढं त्यातून वजा केलं आणि म्हटलं, "एकोणतीस." मामाने तो कागदावर लिहून घेतला.

"तुम्ही म्हणत होतात ना, तुमच्यामागे मला घर विकायला लागेल म्हणून?" मामी म्हणाली.

मामाने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. मामीला मी काही बोलले नव्हते.

"मला कोणी सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही झोपेतसुद्धा बडबडता," ती म्हणाली. "अहो, अठ्ठावीस लिहा. म्हातारपणी माणूस अजून थोडं बुटकं होतं."

मामाने एकोणतीस खोडलं आणि अठ्ठावीस लिहिलं.